डोकं, डोळे, नाक, कान यांसाठी मर्मस्पर्श: घरी कसा करावा आणि हात कुठे आवरावा

‘हे मर्म दाबा, चष्मा जाईल’, ‘ते मर्म दाबा, अर्धशिशी पळेल’ असे रंगीत तक्ते मोबाईलवर फिरत असतात. खाली बहुतेक वेळा सुश्रुताचं नाव असतं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातला सहावा अध्याय खरोखरच मर्मांचा, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांचा आहे, पण तो उघडून बसलात तर मर्म दाबून बरं करण्याबद्दल तिथे अवाक्षर सापडत नाही. कोणत्या जागी घाव बसला तर माणूस लगेच जातो, कुठे बसला तर काही दिवसांनी जातो, कुठे बसला तर बहिरेपण येतं, कुठे वास कळेनासा होतो, याची ती नोंद आहे. शस्त्र चालवणाऱ्या वैद्याने कुठे जपायचं हे त्यात सांगितलंय. अंगभर १०७ मर्मं, आणि त्यातली ३७ एकट्या मान-डोक्यात. चरकाने तर डोकं, हृदय आणि बस्ती (मूत्राशय) ही तीन मर्मं सगळ्यांत महत्त्वाची मानली.

दाबून, चोळून उपचार करण्याची रीत दुसरीकडून वाढली. केरळात कळरीपयट्टू ही युद्धकला शिकवणारे गुरूच आखाड्यातल्या दुखापती बऱ्या करायचे. तमिळनाडूत, विशेषतः कन्याकुमारीच्या बाजूला, सिद्ध या तिथल्या वैद्यक परंपरेतले वर्मवैद्य (वर्म म्हणजे मर्मच) हेच काम करत आले. आपल्याकडचा अभ्यंग वेगळा: दिवाळीच्या पहाटेचं तेल, बाळाची टाळू भरणं, रात्री तळपायाला काशाची वाटी. आज ‘मर्म थेरपी’ म्हणून जे मिळतं ते या सगळ्याचं मिश्रण आहे. त्यात काही वाईट नाही. फक्त मूळ यादी जपण्याची आहे हे डोक्यात पक्कं असलं की हात आपोआप हलका पडतो. या लेखात सांगितलेलं सगळं त्या हलक्या हाताने करायचं आहे.

यातून काय मिळतं

दिवसभर स्क्रीनकडे बघून कपाळ जड झालंय, भुवया आखडल्यात, मानेच्या मागे गाठ बसल्यासारखं वाटतंय, डोळे चुरचुरतायत, झोप येत नाही. अशा वेळी पंधरा मिनिटांचा मर्मस्पर्श चांगला आराम देतो. ताणाने येणाऱ्या डोकेदुखीत कवटीचे आणि मानेचे स्नायू आवळलेले असतात, ते सैल पडतात. श्वास संथ होतो. कोणीतरी शांतपणे डोक्यावरून हात फिरवतंय, याचाही वाटा मोठा असतो, तो कमी लेखू नका.

मोतीबिंदू, काचबिंदू, चष्म्याचा नंबर, बहिरेपण, कानातला जुना आवाज यांपैकी काहीही याने जात नाही. मर्माच्या नावाने झालेलं चांगल्या दर्जाचं संशोधन अजून फार थोडं आहे. त्यामुळे कोणी डोळ्यांचे थेंब किंवा रक्तदाबाची गोळी थांबवून ‘आधी मर्म करून बघू’ म्हणालं, तर तिथून निघा.

तयारी

नखं कापलेली हवीत. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा. ज्याचं डोकं दाबायचं त्याचा चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स, केसातल्या पिना, कानातले लोंबते दागिने काढायला सांगा. टिकली असेल तर तीही काढा. टिकलीच्या गोंदाने काहींना खाज येते, काहींची त्वचा पांढरी पडते. तसं दिसलं तर तेवढ्या भागाला तेल नको, आणि टिकली बदला.

पाठीला टेकण असलेली खुर्ची, दोन्ही तळपाय जमिनीवर. झोपवून करायचं असेल तर मानेखाली टॉवेलची गुंडाळी. स्वतःचं स्वतः करत असाल तर टेबलावर कोपर टेकवा, नाहीतर दोन मिनिटांत खांदे भरून येतात आणि ज्यासाठी बसलो तेच वाढतं.

तेल एक चहाचा चमचा पुरे. थंडीत तिळाचं, उन्हाळ्यात खोबरेल, हा घरोघरचा हिशोब ठीक आहे. ब्राह्मी तेल किंवा क्षीरबला तेल असेल तर तेही चालेल. तेल गॅसवर ठेवू नका. छोट्या वाटीत काढून ती वाटी गरम पाण्यात ठेवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. कोमट म्हणजे जेमतेम ऊब जाणवेल इतकंच.

डोक्यात कोंडा असेल, खपल्या धरल्या असतील तर तेल टाळा, हात कोरडा ठेवा. कोंडा वाढवणारी बुरशी तेलावरच जगते. ‘कोंडा झालाय, चांगलं तेल थापा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो उलटा पडतो. ताप, अजीर्ण, नुकतंच पोटभर जेवण, छातीत कफ दाटलेला असताना तेल-मालीश नको, हे जुने वैद्यही सांगतात.

आता दाबाचं. ‘हलका दाब’ म्हणजे किती, यावर प्रत्येकाचं मत निराळं असतं, म्हणून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा काढा. त्यावर मधल्या बोटाचं टोक टेकवा आणि आकडा बघत बघत दाब वाढवा. १०० ग्रॅमला बोट नुसतं टेकल्यासारखं वाटेल. २०० ते ३०० ग्रॅमला नखाच्या कडेचा रंग किंचित बदलेल. १ किलोला बोटाचं पहिलं पेर वाकायला लागेल. कानशील आणि डोळ्यांच्या कडा यांना १०० ग्रॅम, कपाळ, भुवया, नाकाच्या बाजू यांना २०० ते ३००, आणि मानेच्या मागच्या खळग्यांना फार तर १ किलो. दोनचार वेळा काट्यावर केलं की बोटांना सवय होते.

घरातल्या ज्येष्ठांना हा दाब कमीच वाटतो, हे आधीच सांगून ठेवते. आमच्याकडे सासूबाई पहिल्या मिनिटाला म्हणतात, “अगं, हातात जोर नाही का तुझ्या?” आपण म्हणायचं, “आई, पाच मिनिटं थांबा, मग सांगा.” पाच मिनिटांनी बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण मान पुढे कललेली असते.

जागा शोधताना मोजमाप समोरच्याच्या बोटाचं घ्यायचं. ‘दोन अंगुळं वर’ म्हणजे त्याच्या दोन बोटांची रुंदी. शास्त्रातही अंगुळ ज्याचं त्याचं धरतात. सहा फुटी माणसाने आपल्या बोटांनी आजीचं कपाळ मोजलं तर जागा चुकणारच.

क्रमाने कसं करायचं

प्रत्येक ठिकाणी पाच-सहा संथ श्वासांइतकं थांबायचं. समोरचा श्वास सोडत असताना दाब द्यायचा, श्वास घेताना सैल करायचा. दोन्ही बाजूंची जोडीची मर्मं एकाच वेळी दाबायची.

*१. अधिपती.* ग्रंथात याची खूण केसांचा भोवरा अशी दिली आहे, मस्तकाच्या माथ्यावर. टाळू त्याच्या पुढे असते. टाळूची जागा साधारण अशी मिळते: मनगटाची रेघ नाकाच्या मुळाशी टेकवा, तळवा कपाळावरून डोक्यावर सपाट ठेवा, मधल्या बोटाचं टोक पोचेल तिथे टाळू. तिथून भोवऱ्यापर्यंत तेल थोडं थोडं सोडा. मग सगळा तळवा माथ्यावर नुसता ठेवा. चोळायचं नाही, थापटायचं नाही. अर्ध्या मिनिटाने तळव्याखाली ऊब जाणवायला लागते, ती आली की पुढे जा. हे मर्म सुश्रुताने लगेच प्राण घेणाऱ्या गटात घातलं आहे. लहान मुलांच्या डोक्यावर मोठ्यांनी दणादण तेल थापणं मला म्हणूनच बघवत नाही.

*२. सीमंत.* कवटीच्या हाडांचे सांधे, एकूण पाच. दहाही बोटांची टोकं डोक्याच्या कातडीवर घट्ट टेकवा आणि कातडी हाडावरून सरकवा. बोटं केसांतून घसरता कामा नयेत. घसरली तर केसांचा गुंता होतो, तुटतात, आणि खालच्या स्नायूला काहीच मिळत नाही. आधी टाळूपासून दोन्ही कानांकडे, मग माथ्यावरून मधोमध मागे, मग मागच्या बाजूने कानांच्या दिशेने. एका जागी चार-पाच लहान गोल, मग बोटं उचलून पुढे ठेवा. ज्याची कातडी हाडावरून अजिबात हलत नाही, त्याचा ताण किती आहे हे बोटांनाच कळतं. अशा ठिकाणी जोर न वाढवता वेळ वाढवा. या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या, चार मिनिटं तरी.

*३. स्थपनी.* दोन भुवयांच्या मधला खळगा, अर्ध्या अंगुळाइतकं लहान मर्म. मधलं बोट ठेवून पाच श्वास, मग तेच बोट कपाळावरून सरळ केसांपर्यंत सावकाश वर न्या. असं पाचदा. कपाळाच्या आठ्या मुरलेल्या लोकांना इथे लगेच मोकळं वाटतं.

स्थपनीबद्दल ग्रंथात एक विलक्षण गोष्ट आहे. इथे आणि कानशिलांच्या वरच्या दोन उत्क्षेप मर्मांत बाणाचं टोक रुतलं, तर ते रुतलेलं असेपर्यंत माणूस जगतो आणि उपटून काढलं की जातो, असं सुश्रुत सांगतो. या तिघांचा वेगळा गटच केला आहे, विशल्यघ्न. आजच्या प्रथमोपचारातही शरीरात घुसलेली वस्तू जागेवर ओढून काढू नका, तशीच आधार देऊन रुग्णालयात न्या, असंच शिकवतात.

*४. आवर्त.* भुवयांच्या वर, साधारण मधोमध, बोट फिरवलं की किंचित खोलगट लागतं. दोन्ही अंगठे तिथे ठेवा, बाकीची बोटं डोक्याच्या बाजूंना आधाराला. दाबून झालं की भुवई अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरा आणि नाकाकडून बाहेरच्या टोकाकडे चार-पाच चिमटींत पुढे जा. नाकाकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर, भुवईखालच्या हाडाच्या काठावर एक बारीक खाच लागेल. कपाळाकडे जाणारी नस तिथून बाहेर पडते. खाच सापडली की बोट टेकवा आणि तिथेच थांबा. जोर दिला तर कपाळभर झिणझिण्या उठतात. दाब बरोबर पडतोय असं त्यावरून समजू नका, ती नस दुखावल्याची तक्रार आहे.

*५. अपांग.* भुवईच्या शेपटाच्या खाली, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ. इथे बोट नेहमी हाडाच्या काठावर असलं पाहिजे, डोळ्याच्या बुबुळाकडे कधीच नाही. बुबुळावर दाब पडला की काहींची नाडी मंदावते, चक्कर येते. काचबिंदू असलेल्यांच्या आणि डोळ्याची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या बाबतीत तर ते सरळ धोक्याचं. त्यांच्यासाठी ही पायरी सोडा आणि पुन्हा कधी करायची ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनी नुसती बोटं टेकवून डोळे मिटून पाच श्वास घ्यायचे, मग दोन्ही तळवे एकमेकांवर घासून कोमट झाले की डोळ्यांवर खोलगट धरायचे, पापण्यांना स्पर्श न होईल असे.

*६. शंख आणि उत्क्षेप.* कानशील म्हणजे शंख. त्याच्या वर केसांच्या काठाशी उत्क्षेप. शंख हे लगेच प्राण घेणारं मर्म मानलं आहे, आणि त्याचं कारण आज कवटी हातात घेतली की दिसतं: इथलं हाड कवटीतल्या सर्वांत पातळ हाडांपैकी आहे आणि त्याच्या आतून एक धमनी जाते. क्रिकेटचा चेंडू कानशिलावर लागलेला मुलगा उठून उभा राहतो, बोलतो, पुन्हा खेळायलाही जातो. काही तासांनी गुंगी येते, उलट्या होतात, कारण आत रक्त साठत असतं. कानशिलावर मार लागला की मूल कितीही ठणठणीत दिसो, दवाखान्यात दाखवा.

मर्मस्पर्शात इथे फक्त तीन बोटांचा सपाट भाग टेकवायचा आणि अगदी सावकाश मागच्या दिशेने गोल फिरवायचा. अंगठ्याचं टोक वापरायचं नाही. बामची बाटली घेऊन कानशिलं रगडणाऱ्यांनी हे खास लक्षात घ्यावं. त्यानंतर बोटं वर केसांच्या काठापर्यंत न्या, तिथे दाब थोडा वाढवला तरी चालतो.

*७. फण.* ग्रंथाप्रमाणे हे मर्म नाकाच्या मार्गाच्या आतल्या बाजूला आहे. आपण बाहेरून, नाकपुडी गालाला मिळते त्या घळीत, तर्जनी ठेवतो. दाबाची दिशा वर आणि किंचित आत. मग गालाच्या हाडाच्या खालून कानाकडे बोटं न्यायची. नाक चोंदलेलं असताना काहींना यानंतर मोकळं झाल्यासारखं वाटतं, काहींना काहीच फरक पडत नाही. नाकावर, वरच्या ओठावर किंवा आजूबाजूला पिकलेली पुटकुळी असेल तर हात लावायचा नाही. इथल्या रक्तवाहिन्यांचा संबंध डोळ्यांच्या मागे, कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांशी आहे, जंतुसंसर्ग तिकडे पोचू शकतो. चेहऱ्यावर वीज चमकल्यासारखी कळ येण्याचा आजार ज्यांना आहे, त्यांच्या गालालाही हात नको. नुसत्या स्पर्शाने कळ उठते.

*८. विधुर.* कानाच्या मागे आणि खाली. कानाची पाळी पुढे मुडपा, मागच्या उंचवट्याच्या हाडाखाली बोट टेकतं ती जागा. इथे घाव बसला तर बहिरेपण, असं सुश्रुत म्हणतो. मधलं बोट ठेवून पाच श्वास, मग त्या हाडाच्या मागच्या काठाने वरून खाली लहान लहान गोल. शेवटी अंगठा आणि तर्जनीने सगळा कान वरून पाळीपर्यंत चिमटत या, पाळी हलकेच खाली ओढा. दात आवळून झोपणाऱ्यांना इथे बरंच ठणकतं. कानामागे सूज, लाली आणि सोबत ताप असेल तर दाबायचं नाही, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायचं.

*९. कृकाटिका.* डोकं आणि मान जिथे जुळतात, त्या सांध्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे. मोबाईलवर मान घालून बसणाऱ्यांचा सगळा ताण इथे साठतो. बसलेल्या माणसाच्या बाबतीत एका हाताने कपाळाला आधार द्या आणि दुसऱ्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट दोन खळग्यांत ठेवा. दाबाची दिशा डोळ्यांकडे, म्हणजे पुढे आणि वर. मधोमध कण्यावर दाब नको.

याहून चांगलं झोपवून होतं. समोरचा उताणा, तुम्ही डोक्याशी बसलेले. दोन्ही हातांची बोटं वाकवून टोकं कवटीच्या काठाखाली ठेवा आणि डोकं त्यावर सोडायला सांगा. मोठ्या माणसाच्या डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं. दाबायचं काम ते वजनच करतं, तुमच्या बोटांनी फक्त जागा धरायची. पहिलं मिनिटभर माणूस मान स्वतःच धरून ठेवतो, डोकं हातात येत नाही. नंतर अचानक हातावरचा भार वाढतो. तिथून पुढे दोन मिनिटं अजिबात हलू नका.

एकटे असाल तर एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून गाठ मारा, जमिनीवर झोपून ती जोडी या खळग्यांखाली ठेवा. तीन मिनिटांपेक्षा जास्त नाही. हाताला मुंग्या येत असतील, मान हलवली की भोवळ येत असेल, तर हा प्रकार करू नका.

सोळा मर्मं, ज्यांना हात लावायचा नाही

वर आलेली मर्मं मोजलीत तर २१ भरतात. उरलेली १६ घरच्या उपचारासाठी नाहीत.

त्यातली चार शृंगाटकं. डोळे, कान, नाक, जीभ यांना तृप्त करणाऱ्या शिरा जिथे एकत्र येतात ती जागा, म्हणजे डोक्याच्या आत. बाहेरून बोट पोचत नाही. ‘शृंगाटक मर्म दाबून पंचेंद्रियं जागृत’ अशी जाहिरात दिसली तर जाहिरातदाराने ग्रंथ कितपत वाचलाय ते समजून घ्या.

बाकीची बारा गळ्याच्या दोन्ही बाजूंना: दोन नीला, दोन मन्या, आठ मातृका. मातृकांवरचा घाव लगेच प्राण घेतो असं सांगितलंय, आणि इथे ग्रंथ आणि आजचं शरीरशास्त्र अगदी एका सुरात बोलतात. गळ्याच्या घाटीच्या वरच्या काठाच्या पातळीवर, दोन्ही बाजूंना, मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्यांवर रक्तदाब ओळखणारी एक नाजूक जागा असते. ती दाबली की हृदयाचे ठोके मंदावतात, रक्तदाब उतरतो, माणूस बसल्या जागी शुद्ध हरपू शकतो. साठीच्या पुढे या धमन्यांच्या भिंतींवर चरबीचे थर असतात, चोळताना त्यातला तुकडा सुटून मेंदूत गेला तर पक्षाघात. गळ्याच्या पुढच्या आणि बाजूच्या भागाला तेल लावायचंच असेल तर उघड्या तळव्याने वरून खाली, एकदा, कातडीपुरतं. बोटाचं टोक नाही, अंगठा नाही, कपिंग (पेले लावून कातडी ओढणं) नाही.

याच वर्गातला दुसरा प्रकार सलूनमधला. चंपी छान होते, शेवटी कारागीर हनुवटी आणि डोकं धरून मान खटकन एका बाजूला फिरवतो. कडकड वाजलं की गिऱ्हाईक खूश. कण्याच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं अस्तर अशा झटक्याने फाटू शकतं आणि धडधाकट तरुणाला पक्षाघात होऊ शकतो. खुर्चीवर बसतानाच सांगून ठेवावं: “दादा, मान मोडायची नाही.”

नाक, कान आणि तळपाय

डोक्याचं करताना लोक याच बैठकीत नाकात तूप आणि कानात तेल घालतात. नाकाच्या कोरडेपणाला साजूक तुपाचे एक-दोन थेंब बोटाने आतल्या कडेला लावले तर बरं वाटतं, तेवढंच करा. बाटलीने धार सोडू नका, झोपलेल्या किंवा लहान मुलाच्या नाकात काहीच नको. खनिज तेलाचे बाळतेलासारखे प्रकार तर कधीच नाहीत, असं तेल श्वासातून फुप्फुसात गेलं की तिथे दाह होतो. अणुतेलाचं रीतसर नस्य, म्हणजे नाकात औषधी तेल सोडण्याचा उपचार, वैद्याकडूनच.

कानात मी काहीच घालत नाही आणि घालायला सांगत नाही. पडद्याला भोक आहे का, हे घरी कळायचा मार्ग नाही. कान वाहत असेल तर तेल सोडाच, पाणीही जाऊ देऊ नये.

तळपाय मात्र जरूर करा. वाग्भटाने अभ्यंग रोज सांगताना डोकं, कान आणि पाय यांवर विशेष भर दिला आहे. पायातून डोळ्यांकडे शिरा जातात असं जुने ग्रंथ मानतात. आजच्या शरीररचनेत अशी थेट वाट नाही, पण रात्री तळपायाला तूप लावून काशाच्या वाटीने पाच-पाच मिनिटं घासलं की झोप चांगली लागते आणि सकाळी डोळे हलके वाटतात, हे कितीतरी घरांत अनुभवाने माहीत आहे. वाटीखालचं तूप घासता घासता काळपट होतं. ती ‘शरीरातली उष्णता’ बाहेर पडल्याची खूण म्हणून दाखवतात. काशात तांबं असतं, ते तुपाशी आणि घामाशी मिळून काळं पडतं. वाटी भांड्याच्या पुडीने घासून बघा, तोच रंग निघेल. मधुमेहामुळे पायाची जाण कमी झालेल्यांनी वाटी न वापरता हाताने लावावं, जखम झाली तर कळत नाही. आणि उठण्यापूर्वी तळवे पुसायला विसरू नका, तुपाळ पायाने फरशीवर घसरून हाड मोडलं तर सगळा आराम वाया.

वेळ कमी असेल तर

ऑफिसात डोळे थकले असतील तर स्थपनी, आवर्त, अपांग आणि शेवटी तळव्यांनी डोळे झाकणं, चार मिनिटं, बिनतेलाचं. झोपेसाठी सीमंत, कृकाटिका आणि तळपाय, बाकी सोडा. सर्दीत फण आणि विधुर. अर्धशिशी सुरू झालेली असताना पुष्कळांना स्पर्शच सहन होत नाही. अंधारी खोली, पाणी आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी आधी, मर्मस्पर्श दोन झटक्यांच्या मधल्या चांगल्या दिवसांत.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर सगळीकडे फक्त १०० ग्रॅमचा दाब. बाळाची टाळू साधारण एक ते दीड वर्षात भरते, तोवर तिथे तेलाचं बोट टेकवण्यापलीकडे काही करू नये. टाळू खोल गेलेली किंवा फुगलेली दिसली तर तेलाने ती ‘बसवायची’ नसते. खोल जाणं पाणी कमी झाल्याचं लक्षण असू शकतं, फुगणं मेंदूवर दाब आल्याचं. दोन्हींत बाळाला लगेच डॉक्टरकडे न्या.

तेलाची वाटी बाजूला ठेवून दवाखाना गाठायची लक्षणं

- क्षणात शिगेला पोचलेली, आयुष्यात अशी कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी.
- तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. १०८ ला फोन करा. रक्ताची गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देतात, म्हणून ‘जरा पडून बघू’ नको.
- लाल झालेला, दुखणारा डोळा, दिव्याभोवती रंगीत वलयं, सोबत उलट्या. अर्धशिशी समजून याची मालीश होते, असतो तो काचबिंदूचा तीव्र झटका.
- डोळ्यांपुढे अचानक लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं दिसणं.
- एका कानाने अचानक ऐकू न येणं. मळ असेल म्हणून आठवडा घालवू नका, उपचाराचा उपयोग सुरुवातीच्या दिवसांतच जास्त होतो.
- पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची डोकेदुखी, केस विंचरताना दुखणं, चावताना जबडा भरून येणं. ही कानशिलातल्या धमनीची सूज असू शकते आणि उपचार लांबला तर दृष्टी जाते.
- तापाबरोबर मान ताठ होणं, किंवा डोक्याला मार लागल्यावर येणारी गुंगी.

कोणाकडे करून घ्यायचं असेल तर

आधी पदवी आणि नोंदणी विचारा. महाराष्ट्रात आयुर्वेदाच्या वैद्यांची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते, आणि नोंदणी क्रमांक सांगायला कोणाही वैद्याला अडचण नसते. मग त्यांनी तुम्हाला काय विचारलं ते बघा. रक्तदाब, चालू औषधं, डोळ्यांची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काहीच न विचारता थेट अंगठा लावणाऱ्याकडे बसू नये. दुखलं तर ‘साठलेलं बाहेर पडतंय’ असं सांगणाराही नको. दुखलं म्हटल्यावर हात उचलणारा शोधा.